थांबलेलं गिऱ्हाईक

आपल्याकडे नव्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला लोक दसरा-पाडवा बघतात. ब्रिटनमध्ये हे मुहूर्त सरकारनेच काढून दिलेले आहेत: १ मार्च आणि १ सप्टेंबर. तिथल्या नंबरप्लेटवर गाडी कोणत्या सहामाहीतली ते सांगणारे दोन अंक असतात. २०१७ च्या मार्चपासून नोंदलेली गाडी ‘१७’ची, सप्टेंबरपासूनची ‘६७’ची. शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी किती जुनी, हे रस्त्याच्या पलीकडूनही कळतं. त्यामुळे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शोरूम ओस पडतात आणि पुढच्याच महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मार्च २०१७ मध्ये या गर्दीने आधीचे सगळे विक्रम मोडले. एका महिन्यात ५ लाख ६२ हजार ३३७ नव्या गाड्यांची नोंद झाली. ब्रेक्झिटच्या बाजूने कौल लागून नऊ महिने झाले होते. याच महिन्याच्या २९ तारखेला पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाला सोडचिठ्ठीची रीतसर नोटीस धाडली. कौल लागला की बाजार कोसळेल, असं सांगणाऱ्या पंडितांकडे डीलर मंडळी तेव्हा हसून बघत होती. २०१६ हे अख्खं वर्षच विक्रमी गेलं होतं. २६ लाख ९२ हजार गाड्या! ब्रिटनच्या इतिहासात एका वर्षात इतक्या गाड्या कधीच खपल्या नव्हत्या.

एप्रिल उजाडला आणि विक्री वर्षापूर्वीच्या एप्रिलपेक्षा जवळपास वीस टक्क्यांनी खाली आली.

तेव्हा याचं कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, कारण खुलासा तयार होता. १ एप्रिलपासून वाहनकराची नवी पद्धत लागू झाली होती. कमी कार्बन सोडणाऱ्या गाड्यांना वर्षानुवर्षे मिळणारी करातली सूट गेली होती आणि ४० हजार पौंडांवरच्या गाड्यांना पहिल्या वर्षानंतर पाच वर्षं दरसाल ३१० पौंडांचा जादा भुर्दंड बसला होता. तो चुकवण्यासाठी ज्यांनी मे-जूनमध्ये गाडी घेतली असती, त्यांनी ती मार्चमध्येच उचलली. उद्याचं गिऱ्हाईक आज ओढून आणलं की उद्या दुकान रिकामं दिसणारच. पण मे गेला, जून गेला, सप्टेंबरचा मुहूर्तही गेला, तरी ते गिऱ्हाईक काही परतलं नाही. २०१७ साली विक्री २५ लाख ४० हजारांवर आली, २०१८ मध्ये २३ लाख ६७ हजारांवर, २०१९ मध्ये २३ लाख ११ हजारांवर. सलग तीन वर्षं घसरण. आणि ही सगळी करोनाच्या आधीची गोष्ट.

मंदी असती तर कोडं पडलं नसतं. पण ब्रिटनमधली बेकारी याच काळात चार टक्क्यांच्या आसपास उतरली होती; सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर ती इतकी कमी कधी नव्हती. व्याजदर नगण्य होते. लोकांच्या हाताला काम होतं, पगार वेळेवर होते आणि गाडी हप्त्यावर मिळत होती. तरीही शोरूमच्या दारापर्यंत आलेला माणूस ‘बघू नंतर’ म्हणून माघारी वळत होता.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दोन आरोपी ठरलेले असत, ब्रेक्झिट आणि डिझेल. यातलं डिझेल प्रकरण जुनं आहे, आणि त्याची सुरुवात सरकारी सदिच्छेतून झालेली आहे.

०००

भारतीय वाचकाला डिझेल म्हटलं की पंपावरचा स्वस्त भाव आठवतो. ब्रिटनमध्ये तसं काही नव्हतं. तिथे पेट्रोल आणि डिझेलवरचं इंधनशुल्क सारखंच. २०११ पासून पुढची अकरा वर्षं लिटरला ५७.९५ पेन्स. डिझेलला उत्तेजन मिळालं ते दुसऱ्या वाटेने. हवामानबदलाची चर्चा जोरात होती, क्योटो कराराचं वारं होतं. २००१ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या काळात नव्या गाड्यांचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या मापाशी जोडला गेला. डिझेल इंजिन तेवढ्याच अंतराला कमी इंधन पितं, म्हणजे तितका कमी कार्बन सोडतं, म्हणजे कर कमी. आपल्या भाषेत, ‘ॲव्हरेज’ही जास्त आणि करातही सूट. कंपनीच्या गाडीतून फिरणाऱ्या नोकरदारांचा करही याच धर्तीवर बदलला, आणि ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त गाड्या कंपन्याच घेतात. २००० साली नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा जेमतेम १४ टक्के होता. दहा-बारा वर्षांत तो निम्म्यावर गेला.

कार्बन मोजताना दुसऱ्या विषाकडे काणाडोळा झाला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबाखाली तापते आणि त्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. त्या उष्णतेत आणि जादा हवेत नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. जोडीला काजळीचे सूक्ष्म कण. कार्बन डायऑक्साइड पृथ्वीला तापवतो. नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्याकडेला राहणाऱ्या माणसाच्या छातीत शिरतो. सरकारने जागतिक प्रश्नाचं उत्तर शोधताना गल्लीतला प्रश्न वाढवून ठेवला. प्रयोगशाळेतल्या चाचणीत युरोपच्या मर्यादा पाळणाऱ्या गाड्या रस्त्यावर कितीतरी पट जास्त घाण सोडत होत्या, हे तज्ज्ञांना कुजबुजत का होईना ठाऊक होतं.

ते चव्हाट्यावर आणलं अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या चमूने. भारतातून शिकायला गेलेले तरुण संशोधकही त्यात होते. या मंडळींनी गाडीच्या डिकीत मोजमापाची यंत्रं आणि जनरेटर कोंबून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर चकरा मारल्या. फोक्सवॅगनची एक जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत असल्याचं त्यांना आढळलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागणारा संगणकी मजकूर गाडीत दडवलेला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने हे जाहीर केलं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या, त्यांतल्या १२ लाख एकट्या ब्रिटनमधल्या. आपल्याकडे पीयूसीच्या टपरीवर काय चालतं यावर विनोद करणाऱ्यांना जर्मन कारखान्याची ही करामत ऐकून थोडं हलकं वाटलं असेल.

गंमत अशी, की या घोटाळ्यानंतरही २०१६ साली ब्रिटनमध्ये १२ लाख ८५ हजारांच्या आसपास डिझेल गाड्या खपल्या. फसवणुकीचा राग आला, पण खरेदी थांबली नाही. खरेदी थांबली ती सरकार बोलू लागल्यावर.

सरकारला बोलतं केलं न्यायालयाने. ‘क्लायंटअर्थ’ या वकिलांच्या संस्थेने हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडवरून सरकारला कोर्टात खेचलं होतं आणि एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा आराखडा मागितला. जुलै २०१७ मध्ये पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांनी २०४० पासून नव्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या विक्रीवर बंदीची घोषणा केली. बंदी तेवीस वर्षं लांब होती आणि पेट्रोललाही लागू होती. लोकांच्या डोक्यात शब्द राहिला तो ‘डिझेल’ आणि ‘बंदी’. नोव्हेंबरात अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नव्या, कडक चाचणीत न बसणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांचा पहिल्या वर्षीचा कर एका टप्प्याने वाढवला. त्या चाचणीत बसणाऱ्या गाड्या तेव्हा बाजारात जवळपास नव्हत्याच! रक्कम फार मोठी नव्हती. पण ज्या खात्याने डिझेल घ्या म्हणून पाठीवर हात ठेवला होता, त्याच खात्याने आता कान धरला होता.

शोरूममधला विक्रेता सांगायचा, की ही नवी ‘युरो ६’ डिझेल आहे, साहेब, हिला काही होणार नाही. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही होता. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या विक्रेत्यानेही असंच काहीतरी सांगितलं होतं.

डिझेलचा वाटा २०१६ मधल्या ४७.७ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ४२, पुढच्या वर्षी ३१.७ आणि २०१९ मध्ये २५ टक्क्यांवर आला. आता थोडं गणित. २०१६ ते २०१९ या काळात डिझेल गाड्यांची वार्षिक विक्री साधारण सात लाखांनी घटली. एकूण बाजार घटला तो मात्र पावणेचार लाखांच्या आसपास. म्हणजे डिझेल सोडणाऱ्यांतले निदान निम्म्याच्या जवळपास लोक पेट्रोल, हायब्रिड किंवा विजेकडे गेले असं मानता येतं. उरलेल्यांच्या बदल्यात शोरूममध्ये कोणीच आलं नाही. कोडं या उरलेल्यांचं आहे. आणि जाता जाता, डिझेल सुटलं, पेट्रोलच्या थोराड एसयूव्ही वाढल्या, तशी नव्या गाड्यांच्या कार्बनची सरासरी २०१७ मध्ये दीर्घ काळाने पहिल्यांदाच वर चढली. ज्या आकड्यासाठी सगळा खटाटोप केला होता, तोच.

०००

गाडी न घेता माणूस थांबू कसा शकतो, याचं उत्तर तिथल्या हप्त्यांच्या पद्धतीत आहे. ब्रिटनमध्ये खासगी गिऱ्हाइकांनी घेतलेल्या नव्या गाड्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त गाड्या कर्जावर जातात, आणि त्यांत सर्वांत लोकप्रिय योजना पीसीपी. सुरुवातीला थोडी रक्कम, मग तीनेक वर्षं हप्ते. हप्ता अख्ख्या किमतीवर नसतो. गाडीची आजची किंमत आणि तीन वर्षांनंतरची अंदाजित किंमत यांतल्या फरकावर असतो. मुदत संपली की तीन रस्ते: गाडी परत करा, ठरलेली मोठी रक्कम भरून ती ठेवून घ्या, किंवा नवी उचलून नव्याने हप्ते सुरू करा. बहुतेकांनी तिसरा रस्ता धरावा यावरच अख्खा धंदा उभा आहे. दर तीन वर्षांनी गिऱ्हाईक फिरून दारात येतं, नदीवरच्या रहाटासारखं.

या रहाटाची कळ म्हणजे तीन वर्षांनंतरची किंमत. उद्या लंडनने डिझेलला दार लावलं, परवा बर्मिंगहॅमने, तर आज घेतलेली डिझेल २०२१ मध्ये कोण विकत घेणार? ही शंका आली की अंदाजित किंमत खाली येते, हप्ता वर जातो. दुसरीकडे पौंड. सार्वमताच्या रात्री दीड डॉलरला असलेला पौंड काही तासांत १.३३ च्या खाली उतरला, तीस वर्षांतला नीचांक. युरोसमोरही तो घसरला. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहांपैकी आठ-नऊ गाड्या बाहेरून येतात, बहुतेक युरोपातून. आयातदार कंपन्यांनी काही काळ फरक स्वतः सोसला, सवलती दिल्या. २०१६ चा विक्रम थोडाफार त्याच जोरावर. पण तोटा सोसून कोणी कायमचं दुकान चालवत नाही.

अशा वेळी गाडी चांगली चालत असेल तर माणूस काय करतो? तो ठरलेली रक्कम भरून गाडी ठेवून घेतो. आजच्या गाड्या दहा-बारा वर्षं कुरकुरत नाहीत. डिझेल घ्यावी तर बंदी, पेट्रोल घ्यावी तर तिलाही २०४० ची मुदत, विजेची महाग आणि चार्जिंगची सोय तुटपुंजी, शिवाय युरोपशी करार होतो की नाही, आपल्या कारखान्यातली नोकरी टिकते की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. फ्रिज बिघडला तर आज घ्यावा लागतो. गाडी पुढच्या वर्षावर ढकलता येते. ब्रेक्झिटमुळे ब्रिटिश माणूस गरीब झाला म्हणून गाड्या खपल्या नाहीत, हे त्या तीन वर्षांपुरतं तरी खरं वाटत नाही; तो थांबला, कारण थांबणं त्याला परवडत होतं आणि निर्णय घेणं धोक्याचं वाटत होतं.

प्रत्येक घसरण मात्र या दोन आरोपींच्या माथी मारता येत नाही. सप्टेंबर २०१८ ची विक्री २०.५ टक्क्यांनी आपटली, मथळ्यांत पुन्हा तीच दोन नावं झळकली. खरं कारण रुक्ष होतं. त्याच १ सप्टेंबरपासून युरोपभर इंधन आणि धुराच्या चाचणीची नवी पद्धत सक्तीची झाली आणि अनेक कंपन्यांची मॉडेल्स प्रमाणपत्राच्या रांगेत अडकली. मुहूर्त होता, गिऱ्हाईकही होतं, माल नव्हता.

०००

ब्रेक्झिटचा खरा वार गाड्या विकणाऱ्यांपेक्षा बनवणाऱ्यांवर बसला. ऑक्सफर्डजवळ तयार होणाऱ्या ‘मिनी’चा क्रँकशाफ्ट हे त्या काळात गाजलेलं उदाहरण. तो ओतला जातो फ्रान्समध्ये, तासायला येतो इंग्लंडच्या वॉरिकशरमध्ये, तिथून इंजिनात बसायला जर्मनीत म्युनिकला जातो आणि इंजिनासकट परत ऑक्सफर्डला येतो. गाडी रस्त्यावर येण्याआधी तिच्या एका भागाने इंग्लिश खाडी तीनदा ओलांडलेली असते. युरोपातून सुटे भाग घेऊन रोज सुमारे अकराशे ट्रक ब्रिटनच्या वाहन कारखान्यांकडे येत. कारखान्यात साठा काही तासांचाच. करार न होता बाहेर पडावं लागलं तर गाड्यांवर १० टक्के जकात, आणि डोव्हरच्या बंदरावर ट्रकांची रांग.

बाहेर पडण्याची तारीख ठरली होती २९ मार्च २०१९. गोंधळ होणार हे गृहीत धरून ‘मिनी’च्या मालक बीएमडब्ल्यूने उन्हाळ्यातली वार्षिक देखभालीची सुट्टी ओढून एप्रिलमध्ये आणली. इतरांनीही कारखाने बंद ठेवायचं ठरवलं. अशा सुट्ट्या महिनोन् महिने आधी ठरतात, पुरवठादारांना कळवलेल्या असतात, मागे घेता येत नाहीत. आणि ऐनवेळी ब्रेक्झिटच पुढे ढकललं गेलं. वऱ्हाड मांडवात आणि लग्नाची तारीख बदलली! त्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधलं मोटारींचं उत्पादन ४४.५ टक्क्यांनी खाली आलं, न घडलेल्या घटनेमुळे.

फेब्रुवारीत होंडाने स्विंडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याची घोषणा केली होती. साडेतीन हजार नोकऱ्या. कारण ब्रेक्झिट नव्हे, विजेच्या गाड्यांकडे वळणं आहे, असं कंपनीने सांगितलं. त्या घोषणेच्या जेमतेम अडीच आठवडे आधी जपान आणि युरोपीय संघाचा मुक्त व्यापार करार अमलात आला होता. जपानी गाडी युरोपात पोचवायला इंग्लंडमध्ये कारखाना लागतोच, ही जुनी गरज त्याने संपत आणली होती. स्विंडनने सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. निस्सानचा मोठा कारखाना असलेल्या संडरलँडने तर ६१ टक्के.

०००

या कथेचा एक धागा मुंबईत फोर्टमधल्या बॉम्बे हाउसपर्यंत येतो. टाटा मोटर्सने, पुण्यात जिला जुनी माणसं अजून ‘टेल्को’च म्हणतात, २००८ साली फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर (जेएलआर) २३० कोटी डॉलरना घेतली. तेव्हा वेड्यात काढणाऱ्यांची तोंडं पुढच्या सात-आठ वर्षांत बंद झाली. मूळ कंपनीला पोसलं ते याच इंग्रज लेकीने. पण तिच्या पोटात डिझेल होतं. ब्रिटनमध्ये खपणाऱ्या जेएलआरच्या दर दहा गाड्यांपैकी नऊ डिझेल. थोराड रेंज रोव्हर कमी इंधनात पळवायची तर डिझेलला पर्याय नव्हता, आणि सरकारी करही तेच सांगत होता.

२०१८ हे वर्ष कंपनीला भोवलं. एप्रिलमध्ये सोलिहलच्या कारखान्यातल्या एक हजार कंत्राटी कामगारांना घरी जावं लागलं. शरद ऋतूत कॅसल ब्रॉमिचचा कारखाना आठवड्यातून तीन दिवसच चालू लागला. डिस्कव्हरीचं उत्पादन स्लोव्हाकियातल्या नित्रा इथल्या नव्या कारखान्यात हलवायचं ठरलं. जानेवारी २०१९ मध्ये आणखी साडेचार हजार पदं कमी करण्याची घोषणा झाली आणि ७ फेब्रुवारीला टाटा मोटर्सने तिमाही तोटा जाहीर केला: २६ हजार ९६१ कोटी रुपये. भारतीय कंपनीने एका तिमाहीत दाखवलेला तोवरचा सर्वांत मोठा तोटा. त्यातला बहुतेक भाग जेएलआरच्या मालमत्तेचं मूल्य ३१० कोटी पौंडांनी कमी दाखवल्यामुळे होता, रोकड गेली नव्हती. चीनमधली घसरलेली विक्री हेही त्यामागचं मोठं कारण. दुसऱ्या दिवशी शेअर कोसळला, तेव्हा सोलिहल नकाशावर न दाखवता येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांना ब्रिटिश डिझेलची झळ लागली.

मराठी माणसाला ती लंडनमध्येही लागली. ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये ‘युलेझ’ हे अतिकमी धुराचं क्षेत्र सुरू झालं. निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे अकराशे रुपये. निकष असे, की २००६ ची पेट्रोल गाडी बहुधा सुटते आणि २०१४ ची डिझेल सापडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये हद्द नॉर्थ सर्क्युलर रस्त्यापर्यंत वाढली. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलमधली वास्तू त्या हद्दीच्या आत येते. हॅरोहून जुनी डिझेल घेऊन मंडळाच्या गणपतीला येणाऱ्या कुटुंबाला आरतीआधीच साडेबारा पौंडांची दक्षिणा ठेवावी लागली.

यावर चिडणं सोपं आहे, आणि लोक चिडलेही. ऑगस्ट २०२३ मध्ये हद्द संपूर्ण लंडनभर वाढण्याच्या तोंडावर अक्सब्रिजची पोटनिवडणूक याच मुद्द्यावर लढली गेली आणि हुजूर पक्षाने ती ४९५ मतांनी राखली. जागा रिकामी केली होती बोरिस जॉन्सन यांनी, म्हणजे महापौर असताना ज्यांनी युलेझला मंजुरी दिली त्यांनीच. रात्री कॅमेरे तोडणाऱ्यांच्या टोळ्या निघाल्या.

पण दक्षिण लंडनच्या लुईशममध्ये साउथ सर्क्युलर रस्त्यालगत राहणाऱ्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीची हकिकत वाचल्यावर साडेबारा पौंडांचा राग जरा खाली येतो. दम्याच्या अॅटॅकनी ती पुन:पुन्हा रुग्णालयात जात होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. तिच्या आई रोझमंड यांनी हार मानली नाही. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये अशी नोंद पहिल्यांदाच झाली. तिच्या आयुष्याची नऊ वर्षं म्हणजे करात सूट देऊन डिझेल वाढवण्याचाच काळ.

०००

पुढे करोनाने सगळेच आकडे पुसून टाकले. २०२० मध्ये विक्री १६ लाख ३१ हजारांवर, १९९२ नंतरच्या तळाला गेली. युरोपीय संघाशी व्यापार करार झाला तो २४ डिसेंबर २०२० ला, नाताळच्या आदल्या दिवशी. गाड्यांवरची जकात टळली. बंदीची तारीख मात्र स्थिर राहीना. २०४० ची २०३० झाली, २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी ती २०३५ केली, मजूर पक्षाने पुन्हा २०३० वर आणली. गिऱ्हाइकाने थांबून राहावं यासाठी याहून चांगली व्यवस्था मुद्दाम करूनही जमली नसती.

२०२४ मध्ये ब्रिटनमध्ये १९ लाख ५३ हजार नव्या गाड्या विकल्या गेल्या, २०१६ पेक्षा सात लाखांहून कमी. त्यांत डिझेलचा वाटा ६.३ टक्के होता. त्याच वर्षी मे महिन्यात जेएलआरने जाहीर केलं, की ५४ वर्षांत पहिल्यांदाच रेंज रोव्हर सोलिहलच्या बाहेर जोडली जाईल, पुण्यात. पुण्यात जोडायच्या इंजिनांच्या यादीत पेट्रोलबरोबर तीन लिटरचं डिझेलही आहे.